चौथ्या दगडावरचं शिंग

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजांची नावं शिलालेखांवरूनही झिजून गेली आहेत. त्या काळी एक राज्य घाटावर होतं आणि एक घाटाखाली. मध्ये डोंगर, आणि डोंगराच्या अंगावर एकच वाट.

वाट अरुंद होती. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला कडा. वर्षातले आठ महिने तिथं असं धुकं उतरायचं, की माणसाला हातातली काठी दिसायची, पण काठीचं टोक दिसायचं नाही.

त्या वाटेवर, मधोमध, अकरा घरांची एक वाडी होती. ती घाटावरच्या राज्यात नव्हती आणि घाटाखालच्याही नव्हती. दोन्हीकडचे शेतसारा गोळा करणारे अर्ध्या वाटेवरून परत फिरत. दोघांनाही वाटे, वाडी पलीकडच्यांची असणार. वाडीनं दोघांचाही गैरसमज कधी दूर केला नाही.

वाडीतल्या लोकांना शिंगवाले म्हणत. वाटेच्या नऊ वळणांवर नऊ उभे दगड होते. कुणा पूर्वजानं फार हुशारीनं त्या जागा शोधल्या होत्या. तिथून शिंग फुंकलं की आवाज डोंगरात घुमून फसवत नसे, सरळ कानाशी येत असे. धुकं उतरलं की प्रत्येक दगडापाशी एक शिंगवाला उभा राही. वाटसरू एका शिंगाच्या आवाजावर पहिल्या दगडाशी येई, दुसऱ्याच्या आवाजावर दुसऱ्याशी, आणि असा नऊ दगड ओलांडून सुखरूप पार होई.

त्यांचे नियम तीनच होते. वाटसरूला नाव-गाव विचारायचं नाही. एकदा शिंग फुंकलं, की वाटसरू दगडाला हात लावून ‘पोचलो’ म्हणेपर्यंत थांबायचं नाही. आणि तो ‘पोचलो’ म्हणाला, की एवढंच विचारायचं, ‘पाय बरे आहेत का?’

या वाडीत एक तरुण मुलगी राहत असे. तिचं खरं नाव काहीतरी चांगलं होतं, पण सगळे तिला दचकी म्हणत. पान पडलं तरी ती दचके. भाकरी फुगून फुटली तरी दचके. तिचे आई-बाप ती लहान असतानाच तापानं गेले होते आणि तिला वाडीच्या कारभारणीनं वाढवलं होतं. ही कारभारीण सगळ्या वाडीचीच थोरली आत्या होती.

दचकी दचकली, की तिचा श्वास आधी घशात अडके आणि मग एकदम बाहेर पडे. शिंगवाल्याला ही खोड बरी नव्हे. कारण धुक्यात शिंग ओठांवरच धरून उभं राहायचं, ही त्या लोकांची लहानपणापासूनची सवय. एकदा धुक्यात एक माकड तिच्या पुढ्यात उडी मारून बसलं. ती दचकली आणि शिंग वाजलं. आता नियम म्हणजे नियम. माकड दगडाला हात लावेना, ‘पोचलो’ म्हणेना. बिचारी फुंकत राहिली. शेवटी आत्या काठी टेकत आली, दगडाला हात लावला आणि म्हणाली, “त्याच्या वतीनं मी सांगते, पोचलो. आता पुरे कर गं, कानठळ्या बसल्या.”

पुढे कितीतरी दिवस वाडी हसत होती. पाचव्या दगडावरचा तात्या तर दचकी दिसली की विचारायचा, “काय दचके, आज किती माकडं पार झाली?”

पण हसणं ओसरल्यावर दचकीनं आत्याला विचारलं होतं, “आत्या, फुंक चुकून गेली आणि मध्येच थांबलं तर काय होतं?”

आत्या डाळ निवडत होती. तिनं हात थांबवला. “ज्यानं शिंग ऐकलं नाही, तो माणूस चाचपडतो, बसतो, उठतो, जीव मुठीत धरून चालतो. ज्यानं ऐकलं, तो आवाजावर भरवसा टाकून पाऊल उचलतो. ते पाऊल आपण उचलायला लावलेलं असतं. मग आपण गप्प बसलो, तर त्याला कड्यानं नाही मारलं, आपण मारलं. म्हणून चुकून गेलेली फुंकसुद्धा निस्तरायची.”

दचकीनं ते मनात ठेवलं. भित्री माणसं अशा गोष्टी फार नीट लक्षात ठेवतात.

एका वर्षी दोन राज्यांत वितुष्ट आलं. कशावरून, ते आता नक्की कुणालाच सांगता येत नाही. कुणी म्हणतं कुरणावरून. कुणी म्हणतं एका लग्नात विडा आधी कुणाला दिला, यावरून. दोन्हीकडच्या भाट-कारभाऱ्यांनी आपापल्या राजाचे कान भरले आणि दोन्हीकडे तलवारींना धार लागू लागली.

घाटावरच्या राजाची एक अडचण होती. त्याच्या शिपायांच्या बहिणी घाटाखाली दिलेल्या होत्या. मेहुण्यावर हत्यार उचलायला कुणाचा हात धजेना. म्हणून राजानं भाडोत्री स्वार आणले. त्या स्वारांना गाव नव्हतं, राजा नव्हता. जिथं लढाई तिथं त्यांची चूल. त्यांचा नायक उंचापुरा होता, बोलायला गोड होता, आणि त्याच्या मिशा त्याच्या आधी दारातून आत येत.

एका सकाळी तो चाळीस स्वार घेऊन वाडीत आला.

“राम राम आत्या,” तो म्हणाला. “राजाचा निरोप आहे. घाटाखालची फौज दोन दिवसांत वर येणार. धुक्याचा आडोसा धरून येणार. तुम्ही फक्त गप्प बसायचं.”

“गप्प म्हणजे?”

“शिंग फुंकायचं नाही. तुम्ही कुणाला ढकलायचं नाही, कुणावर धोंडा टाकायचा नाही. काहीच करायचं नाही. आणि काही न करण्याला पाप लागत नाही.”

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

नायक हसला. “आत्या, तुम्ही कुणाचे नाही, आम्हीही कुणाचे नाही. आपण एका परीनं भाऊबंदच. भाऊबंदांनी एकमेकांना सांभाळून घ्यावं.”

“भाऊबंद असू,” आत्या म्हणाली. “तुम्ही ज्या वाटेनं जाता तिथं रडारड होते, आणि आमच्या वाटेनं जो जातो तो घरी पोचतो. एवढाच काय तो फरक.”

नायकाचं हसू मिशांतच राहिलं. त्यानं आत्याकरता मेणा आणवला. “राजेसाहेबांनी तुम्हाला पाहुणचाराला बोलावलंय. लढाई आटपेपर्यंत गडावर राहा. शिंग वाजलं नाही, तर साडीचोळी घेऊन परत याल. एक जरी वाजलं,” इथं त्यानं वाडीकडे नजर फिरवली, “तर येणार नाही.”

मेण्यात बसताना आत्यानं दचकीला जवळ बोलावलं. दचकीला वाटलं, आत्या आता काय करायचं ते सांगेल. पण आत्या म्हणाली, “धुक्यात कानाला फडकं बांध. गारठा भरतो.” आणि भोई चालू लागले.

त्या दुपारी वाडी पारावर जमली. तात्या खाली बघत म्हणाला, “तो नायक मेला गोडबोल्या आहे, पण एक बरोबर बोलला. आपण काही करायचं नाहीये. नुसतं गप्प बसायचंय. आत्याच्या जिवापुढं एवढं गप्प बसवणार नाही आपल्याला?” ज्यांना पटलं त्यांनी हात वर करायचा होता. अकराही घरांचे हात वर गेले. दचकीचाही गेला. आत्याखेरीज तिला जगात कोण होतं?

तिसऱ्या सकाळी धुकं उतरलं, आणि असं उतरलं की कोंबडेही आरवायचे राहिले.

शिंग फुंकायचं नव्हतं, तरी नऊ जण आपापल्या दगडाशी जाऊन उभे राहिले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. धुकं पडल्यावर घरात बसायची त्यांच्या पायांना सवयच नव्हती. दचकीचा दगड चौथा. तिथं वाट एकदम डावीकडे वळे, आणि जो वळला नाही त्याच्यापुढे नुसती हवा असे. खालची दरी एवढी खोल, की टाकलेल्या खड्याचा आवाज परत येत नसे. दचकीनं कानाला फडकं बांधलं होतं. आणि शिंग, न फुंकण्यासाठी का होईना, ओठांवर धरलं होतं.

थोड्या वेळानं तिला पावलं ऐकू आली. एक नाही, दोन नाही, शेकडो. बोलणंही ऐकू येऊ लागलं.

“अजून किती लांब आहे रे कडा?” कुणीतरी तरुण विचारत होता.

“लांब असेल. शिंग कुठं वाजतंय?” दुसरा म्हणाला. “माझा बाप सांगायचा, कडा जवळ आला की शिंगवाले हाक मारतातच. शिंग नाही म्हणजे कडा नाही. चल बिनघोर.”

नायक म्हणाला होता, काही न करण्याला पाप लागत नाही. पण ही माणसं त्यांच्या गप्प बसण्यावरच भरवसा टाकून चालत होती. शिंग वाजत नाही, एवढ्यावर त्यांची पावलं झपाझप पडत होती. तिनं डोळे मिटले. तिला मेण्यात बसलेली आत्या दिसली. तिनं शिंग ओठांवरून काढायला हात हलवला.

तेवढ्यात अगदी जवळ एक धोंडा निसटला आणि कुणीतरी ओरडलं, “आई गं.”

दचकी दचकली. श्वास घशात अडकला, आणि मग एकदम बाहेर पडला.

शिंग वाजलं.

खालून आनंदाचा गलका उठला. “वाजलं रे. शिंग वाजलं. आवाजाकडं चला.” आणि शेकडो पावलं वळली, तिच्याकडे.

एकच फुंक गेली होती. आत्ता थांबली असती, तर वर ऐकणाऱ्यांना वाटलं असतं, भास झाला. कुठलं तरी जनावर ओरडलं. आत्या वाचली असती. पण खाली ज्यांनी ऐकलं होतं, त्यांनी चाचपडणं सोडलं होतं. ते आवाजावर पाय टाकत होते, आणि मधल्या वळणावर आवाज नसता तर सरळ हवेत पाय टाकणार होते. ती पावलं आता तिची होती.

डोळ्यांतून पाणी गळत होतं. “आत्या, माफ कर,” ती मनात म्हणाली, आणि तिनं दुसऱ्यांदा शिंग फुंकलं. या वेळी ती दचकलेली नव्हती.

शिंगवाल्यांत चौथं वाजलं की पाचव्यानं उचलायचं असतं. पाचवं वाजेना. दचकी फुंकत राहिली आणि मनातल्या मनात तात्याला हाका मारत राहिली. वाटेच्या वरच्या तोंडाशी नायकाचे स्वार पहारा देत होते. शिंग ऐकताच नायक चवताळला. “कोण आहे ते गप्प करा,” म्हणत तो स्वतःच दहा स्वार घेऊन धुक्यात घुसला. घोडी वरच्या चार दगडांवरून खाली उतरली आणि मग बुजली. घोड्याला माणसापेक्षा अक्कल जास्त. ती पुढे पाऊल टाकेनात. नायकानं टाच मारली. त्याच्या घोड्यानं त्याला पाठीवरून झटकलं आणि ते वर पळून गेलं. नायक वाटेखालच्या कपारीत जाऊन पडला. त्याची तलवार कड्यानं ठेवून घेतली. बाकीचे स्वार कातळाला पाली चिकटाव्या तसे चिकटले. वर कुठं, खाली कुठं, कुणाला कळेना.

“अरे कुणीतरी हाक मारा,” त्यांच्यातला एक केविलवाणं म्हणाला.

आणि पाचवं शिंग वाजलं. तात्याचं. मग सहावं. मग खालून तिसरं, दुसरं, पहिलं. मग वरची तिन्ही. नऊच्या नऊ शिंगं वाजू लागली. प्रत्येकाला ठाऊक होतं, या फुंकेची किंमत कोण देणार आहे. तात्या फुंकत होता आणि रडत होता. नंतर तो म्हणे की धुकं डोळ्यांत जात होतं.

पहिला शिपाई दगडाला लागला तो सोळा-सतरा वर्षांचा असेल. त्यानं दगडाला मिठीच मारली. “पोचलो,” तो म्हणाला.

“पाय बरे आहेत का?” दचकीनं सवयीनं विचारलं.

त्यानं आपल्या पायांकडे असं पाहिलं, जणू ते पहिल्यांदाच बघत होता. “आहेत,” तो म्हणाला. “दोन्ही आहेत.”

मग दुसरा आला. मग दहावा. मग शंभरावा. फौज सातशेंची होती, आणि दचकी सकाळपासून सूर्य माथ्यावर येईपर्यंत फुंकत होती. तिचे ओठ फुटले. शिपाई येत, हात लावत, ‘पोचलो’ म्हणत, आपल्या पायांची खबर देत आणि पाचव्या शिंगाकडे निघत. काही जण जाताना वाकून तिच्या पायालाही हात लावत. ती प्रत्येक वेळी दचके.

शेवटी फौजेचा सेनापती आला. “माझ्या मागं कुणी नाही,” तो म्हणाला. “पोचलो.”

पण दचकी थांबली नाही. तिला खाली कपारीत खरखर ऐकू येत होती. कुणीतरी नखांनी कातळ धरून वर येत होतं. ती फुंकत राहिली. धुक्यातून आधी मिशा आल्या, मग नायक.

त्यानं दगडाला हात लावला. तिच्याकडे पाहिलं. शिंग तिच्या ओठांवरच होतं. नायक काही बोलेना. तिनं शिंग फुंकलं, अगदी त्याच्या तोंडासमोर. तरी तो गप्पच. तिनं पुन्हा फुंकलं.

“म्हणा की राव,” सेनापती म्हणाला. “पोरीचे ओठ फुटलेत.”

नायकानं मान फिरवली.

वरच्या धुक्यातून तात्याचा आवाज आला. “दचके, कोण अडलंय गं? मागं माकडाच्या वतीनं आत्या बोलली होती. याच्या वतीनं मी म्हणू का?”

सेनापतीला हसू आलं. आणि नायकाच्या मिशा थरथरल्या. हसण्यानं की रडण्यानं, ते धुक्यात कळलं नाही. तो हळूच म्हणाला, “पोचलो.”

दचकीनं शिंग खाली घेतलं. “पाय बरे आहेत का?”

आयुष्यभरात त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. तो दगडाला टेकून खालीच बसला.

शिंगवाल्यांची आणखी एक रीत होती. एका धुक्यातून आलेली माणसं एका चुलीवरची पेज पितात. त्या दिवशी वाडीतल्या अकराही चुलींवर पेज शिजली. घाटाखालचे शिपाई आणि भाडोत्री स्वार एकाच पंगतीत बसले, कारण निवडून बसायला जागाच नव्हती. पेज पिता पिता धुकं विरलं. कुणीतरी उठून कड्यापाशी गेला, खाली डोकावला आणि न बोलता परत येऊन बसला. मग दुसरा गेला. एकेक करून सगळे जाऊन आले.

सेनापती दचकीला म्हणाला, “आमच्या सातशे घरांवर तुमचे उपकार आहेत. काय देऊ?”

“माझी आत्या वर गडावर आहे,” दचकी म्हणाली. “शिंग वाजलं तर ती परत येणार नव्हती.”

सेनापतीनं फौजेकडे पाहिलं. सातशे माणसं उठून उभी राहिली.

“नको,” दचकी घाईनं म्हणाली. “फौज नको. फौज आली तर लढाईच होईल. तुम्ही एकटे या. हत्यार न घेता.”

“आणि मी,” नायक म्हणाला. “मेणा मीच नेला होता.”

घाटावरच्या राजाच्या दरबारात चोपदारानं काठी आपटली आणि दचकी इतकी दचकली, की दरबार हसला. राजा हसला नाही. त्याच्या एका बाजूला थोरली आत्या उभी होती.

“शिंग वाजू नये असा हुकूम होता,” राजा म्हणाला. “कुणी फुंकलं?”

“मी,” दचकी म्हणाली. “पहिली फुंक चुकून गेली, महाराज. मी दचकले. पण त्यानंतरच्या चुकून गेल्या नाहीत. शिक्षा द्यायची तर मला द्या. आत्यानं काही सांगितलं नव्हतं. कानाला फडकं बांध, एवढंच सांगितलं होतं.”

राजा नायकाकडे वळला. “आणि तू? तुला कशासाठी ठेवलं होतं? किती माणसं गमावलीस?”

“एकही नाही,” नायक म्हणाला. “गमावली असती, मीसुद्धा गेलो असतो. महाराज, मी तिचं तोंड बंद करायला उतरलो होतो. तिच्याच शिंगावर वर आलो.”

मग सेनापती पुढे झाला. “माझी सातशे माणसं घाटाच्या तोंडाशी बसली आहेत, महाराज. चालून यायचं असतं तर आत्तापर्यंत आली असती.”

“मग का नाही आली?”

“पाय अजून लटपटताहेत. आणि या पोरीनं सातशे वेळा विचारलं, पाय बरे आहेत का. असं विचारल्यावर त्याच पायांनी कुणाच्या घरावर चालून जायचं, जमेना.”

राजानं आत्याला विचारलं, “म्हातारे, खरं सांग. तुम्ही कुणाच्या बाजूचे?”

“चालणाऱ्याच्या,” आत्या म्हणाली. “महाराज, आज तुमच्या सांगण्यावरून शिंग गप्प बसलं असतं, तर उद्या दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरूनही बसलं असतं. मग तुमच्या रयतेच्या लेकी दिवाळीला माहेरी कशा आल्या असत्या? तुमची धाकटी बहीण गेल्या साली दोन पोरं कडेवर घेऊन आली, ती काय तुमच्या तलवारीच्या आवाजावर आली?”

पडद्याआडून एक हुंदका ऐकू आला. राजाची धाकटी बहीण वितुष्ट आल्यापासून माहेरीच अडकून पडली होती.

राजा उठला. आत्यासमोर आला आणि मान खाली घालून म्हणाला, “चूक माझी. तिला चुकून गेलेली फुंक निस्तरता आली. मला चुकून गेलेला हुकूम निस्तरता यायला हवा.”

पुढच्या पौर्णिमेला दोन्ही राजे चौथ्या दगडापाशी भेटले. तह झाला. कुरण वाटून घेतलं गेलं. विडा कुणाला आधी द्यायचा, यावर मात्र आजही एकमत नाही. तहात एक कलम असं होतं, की शिंग फुंका असा हुकूम कोणत्याही राजानं करायचा नाही, आणि गप्प बसा असाही नाही. लेखनिकानं शिंगवाल्यांची साक्ष घ्यायला लेखणी उचलली आणि आत्याला विचारलं, “तुमचं राज्य कुठलं लिहू?”

“ती जागा रिकामी ठेवा,” आत्या म्हणाली. “आम्ही तिथंच राहतो.”

भाडोत्री स्वार सगळेच सुधारले असं नाही. तह झाल्यावर निम्मे दुसऱ्या कुणाची लढाई शोधत निघून गेले. नायक मात्र राहिला. त्याला शिंग फुंकायला काही केल्या जमलं नाही; तात्या म्हणे, मिशा मध्ये येतात. मग तो वाटेवर पडलेले धोंडे उचलू लागला, आणि म्हातारा होईपर्यंत तेच करत राहिला.

घाटाखालच्या सातशे घरांतून दर वर्षी सुगीनंतर मूठ-मूठ तांदूळ वाडीत येऊ लागला. घाटावरून मूठ-मूठ जोंधळा येऊ लागला. मागितला कुणी नव्हता. आणि धुकं नसलं, लख्ख ऊन असलं, तरी दोन्हीकडचे वाटसरू चौथ्या दगडापाशी थांबत, त्याला हात लावत आणि हळूच म्हणत, ‘पोचलो.’ हात लावून लावून तो दगड एका अंगानं गुळगुळीत झाला आहे.

दचकी पुढे वाडीची कारभारीण झाली. दचकायची मात्र तशीच दचके.

तात्पर्य: जो कुणाचाच नाही, तो वाट मारूही शकतो आणि वाट दाखवूही शकतो; जो दाखवतो, त्याचे उपकार सगळ्याच राज्यांनी मानावेत आणि त्याच्या हाकेवर कुणीच हुकूम चालवू नये.